नवी आवृत्ती आली: डॉक्युमेंटेशनची एकच प्रत ठेवायची की प्रत्येक आवृत्तीची वेगळी?

सांगलीत लाराव्हेलवर (पीएचपी भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा) काम करणाऱ्या लहान टीमची एक ठरलेली अडचण आहे. फ्रेमवर्कची मोठी आवृत्ती येते ती ऐन धांदलीत. नववी आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, दहावी फेब्रुवारी २०२३ मध्ये, अकरावी मार्च २०२४ मध्ये आणि बारावी फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्या दिवसांत मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आलेले असतात, कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपत आलेला असतो आणि पतसंस्थांना ३१ मार्च दिसायला लागलेला असतो. अशा वेळी अडत दुकानाच्या दिवाणजींना "आज दुपारी दोन तास सॉफ्टवेअर बंद ठेवतो" असं सांगून बघा.

त्यामुळे अपग्रेड जून-जुलैवर जातं, तेही सगळ्यांचं एकदम होत नाही. एखाद्या ग्राहकाच्या होस्टिंगवर अजून पीएचपी ८.१ असतं आणि लाराव्हेल ११ ला किमान ८.२ लागतं. म्हणजे तो दहाव्या आवृत्तीवरच अडकला. नवीन घेतलेलं काम मात्र थेट बाराव्यावर सुरू होतं. मग टीममध्ये प्रश्न निघतो: आपली डॉक्स (डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअरच्या माहितीची पानं) आता कोणत्या आवृत्तीची? आहे तीच पानं दुरुस्त करायची, की जुनी तशीच ठेवून नव्या आवृत्तीची वेगळी प्रत काढायची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाच-दहा जणांची टीम असेल तर एकच प्रत ठेवा. वेगळ्या प्रती काढायला काही खास कारण लागतं. ते कुठलं, ते पुढे येईल.

मोठे लोक काय करतात

लाराव्हेलची स्वतःची डॉक्स कोडपासून वेगळ्या रिपॉझिटरीत (फाईली आणि त्यांचे बदल जपणारा साठा) असतात आणि प्रत्येक आवृत्तीला तिथे वेगळी ब्रँच, म्हणजे स्वतंत्र फांदी, असते. दहाव्या आवृत्तीचं पान उघडलं की वर इशारा येतो, तुम्ही जुनी डॉक्स वाचताय. स्वच्छ पद्धत आहे. वाचणाऱ्याला आपली आवृत्ती निवडायची आणि फक्त तिचंच वाचायचं.

जँगो या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कची डॉक्स कोडच्याच रिपॉझिटरीत, डॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. तिथेही प्रत्येक आवृत्तीची प्रत मिळते, पण त्यांची खरी खुबी मजकुराच्या आत आहे. एखादी गोष्ट नवी असेल तर त्याच परिच्छेदाखाली "जँगो ५.२ मध्ये नवीन" अशी खूण असते. काही आवृत्त्या उलटल्या की या खुणा काढून टाकतात, कारण तोवर ती गोष्ट कुणाला नवी राहिलेली नसते. लिहिण्याइतकंच हे झाडणंही नेमाने होतं, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लहान टीम बहुधा यातली पहिली पद्धत उचलते. ती दिसायला नीटनेटकी असते, शिवाय साधनंही तिकडेच ढकलतात. डॉक्युसॉरस या डॉक्सची साइट बनवणाऱ्या साधनात एक कमांड दिली की सगळ्या डॉक्सची आवृत्तीवार नक्कल तयार होते. पण त्याच डॉक्युसॉरसच्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे की बहुतेक वेळा याची गरज नसते, उगाच गुंतागुंत वाढते. तो परिच्छेद कुणी वाचत नाही, कमांड तेवढी चालवतात.

एका पानावर दोन्ही पद्धती लावून बघू

समजा अडत दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मिडलवेअर (आलेली प्रत्येक विनंती आधी तपासणारा कोड) आहे. हंगामाचा हिशेब बंद झाला की शेतकऱ्याची पट्टी (मालविक्रीचा हिशेब) कुणालाही बदलता येऊ नये, एवढंच त्याचं काम. आपल्या डॉक्समध्ये त्याचं पान आहे आणि त्यावर लिहिलंय: "ॲप फोल्डरातल्या एचटीटीपीमध्ये जा, कर्नल.पीएचपी उघडा आणि मिडलवेअरला नाव द्या."

लाराव्हेल ११ मध्ये नवा प्रोजेक्ट काढला तर कर्नल.पीएचपी ही फाईलच नसते. मिडलवेअरची नोंद आता बूटस्ट्रॅप फोल्डरातल्या ॲप.पीएचपीमध्ये, विथमिडलवेअरच्या आत करायची. नव्याने रुजू झालेला मुलगा जुनं पान वाचून ती फाईल शोधत बसतो. आपल्याच हातून ती उडाली की काय, अशी शंकाही त्याला येते.

आवृत्तीवार प्रतींचं उत्तर सोपं: दहाव्याच्या प्रतीत जुना मजकूर, अकराव्याच्या प्रतीत नवा. पण इथे मेख आहे. दहाव्यावरून अकराव्यावर आणलेल्या प्रोजेक्टमध्ये कर्नल.पीएचपी तशीच राहते आणि नीट चालते. फोल्डरांची रचना बदलायच्या फंदात पडू नका, असं लाराव्हेलची अपग्रेड गाईडच सांगते. म्हणजे दोन ग्राहक, दोघेही अकराव्यावर, आणि त्यांच्या फाईली वेगवेगळ्या. आता "आवृत्ती ११" ची प्रत कुणाला लागू?

आपल्या बहुतेक ग्राहकांची स्थिती नेमकी हीच असते, कारण आपण नवे प्रोजेक्ट कमी काढतो आणि जुने ओढत जास्त नेतो. अशा पानाला आवृत्तीचा आकडा कामाचा नाही. डोळ्यांनी तपासता येईल अशी अट लागते:

"प्रोजेक्टमध्ये कर्नल.पीएचपी आहे का? असेल तर नोंद तिथेच करा. नसेल तर बूटस्ट्रॅपमधली ॲप.पीएचपी उघडा."

एका पानावर दोन वाक्यांत काम झालं. दोन ब्रँचमध्ये हे नीट सांगताच येत नाही. नेक्स्ट जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवाल्यांपुढेही हाच पेच होता. पेजेस राउटर आणि ॲप राउटर (पत्त्यावरून पान ठरवायच्या दोन पद्धती) दोन्ही एकाच आवृत्तीत चालतात, म्हणून त्यांच्या डॉक्समध्ये आवृत्तीशिवाय राउटर निवडायचीही सोय ठेवलेली आहे.

सेटअपच्या पानाचंही तसंच. अकराव्यापासून नव्या प्रोजेक्टचा मूळ डेटाबेस एसक्यूलाईट (एका फाईलीत मावणारा डेटाबेस) असतो आणि एनव्ही या सेटिंगच्या फाईलमधल्या होस्ट, युजर, पासवर्डच्या ओळी कॉमेंट केलेल्या, म्हणजे खूण लावून बंद ठेवलेल्या असतात. आपल्या पानावर "डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड भरा" एवढंच असेल तर माणूस कॉमेंट केलेल्या ओळींतच पासवर्ड भरतो आणि मायग्रेशन (टेबलं तयार करणारा कोड) चालवतो. कुठलीही एरर येत नाही. टेबलं मुकाट्याने एसक्यूलाईटमध्ये तयार होतात आणि तो मायएसक्यूएल उघडून रिकामा डेटाबेस बघत राहतो. एरर न देता फसणारी अशी पानं आधी दुरुस्त करा. लाल अक्षरांत एरर आली की माणूस विचारायला तरी येतो.

प्रतींचा खर्च कुठे लागतो

वेगळी प्रत काढायला मिनिटभर लागतं. खर्च पुढे चालू होतो. बॅकअपचा सर्व्हर बदलला, एसएमएसची सेवा बदलली, बेदाण्याच्या सौद्याच्या रिपोर्टमध्ये एक रकाना वाढला. यातल्या कशाचाच फ्रेमवर्कच्या आवृत्तीशी संबंध नाही, पण प्रती तीन असतील तर दुरुस्तीही तीन ठिकाणी. गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, उचलून दुसऱ्या ब्रँचवर ठेवता येतं हे खरं, पण ते कुणीतरी आठवणीने करायला लागतं. पहिल्या महिन्यात होतं. दिवाळीनंतर फक्त ताज्या प्रतीत दुरुस्ती होते आणि जुन्या प्रती हळूहळू खोट्या पडतात. खोटी प्रत नसलेल्या प्रतीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर कुणीतरी भरवसा ठेवून कमांड चालवतो.

एकच प्रतही फुकट नाही. तिचा रोग वेगळा: खुणांचं रान माजतं. "दहाव्यात असं, अकराव्यात तसं, बाराव्यात पुन्हा असं" हे प्रत्येक परिच्छेदात आलं की वाचणारा वैतागतो. यावर औषध झाडणं हेच. दहाव्या आवृत्तीवरचा शेवटचा ग्राहक वर गेला की त्याच दिवशी डॉक्समध्ये "दहाव्यात" शोधा आणि ते सगळे परिच्छेद उडवा. जीव कासावीस होत असेल तर आधी गिटमध्ये एक टॅग लावा. लागलंच तर तिथून काढता येईल.

| | एकच प्रत, आत खुणा | आवृत्तीवार प्रती |
|---|---|---|
| रोजची दुरुस्ती | एकदाच | जितक्या प्रती तितक्यांदा |
| जुन्या आवृत्तीवरचा वाचक | खुणा बघत वाचायला लागतं | आपलं तेवढंच वाचतो |
| ओढत आणलेले प्रोजेक्ट | अट लिहून भागतं | कुठलीच प्रत पूर्ण लागू पडत नाही |
| दुर्लक्ष झालं तर | पान किचकट होतं | जुनी प्रत चुकीची होते |

शेवटची ओळ दोनदा वाचा. दुर्लक्ष होणार, हे धरूनच निवड करा.

वेगळी प्रत कधी काढावी

साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. त्यांचा स्वतःचा संगणक विभाग असतो, सर्व्हर त्यांच्या आवारात असतो आणि करार ठरावीक आवृत्तीचा असतो. ऊस बिलाचं किंवा वजनकाट्याचं काही अडलं तर आधी त्यांचा माणूस मॅन्युअल उघडतो, बरेचदा छापून फाईलला लावलेलं. त्याला आपल्या इतर ग्राहकांच्या बाराव्या आवृत्तीशी काही देणंघेणं नाही. इथे गोठवलेली प्रत हवी. वर ठळक लिहा की ही अमुक आवृत्तीची प्रत आहे, आणि सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतात तेही लिहा. लाराव्हेल साधारणपणे दीड वर्ष बग दुरुस्त करतं आणि दोन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या देतं. दहाव्याची ती मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. कारखान्याच्या बैठकीत अपग्रेडचा विषय निघेल तेव्हा ही ओळ आपल्या दहा ईमेलपेक्षा जास्त काम करते.

दुसरी वेळ म्हणजे तुम्ही स्वतः एखादं पॅकेज (इतरांनी आपल्या प्रोजेक्टमध्ये घालायचा तयार कोड) प्रसिद्ध केलं असेल तेव्हा. वापरणारे अनोळखी, त्यांच्या आवृत्त्या तुमच्या हातात नाहीत. तिथे ब्रँचवार डॉक्सच बरी.

थोडक्यात, फ्रेमवर्कने किती आवृत्त्या काढल्या हे मोजू नका. तुमच्या गैरहजेरीत तुमची डॉक्स वाचून हात चालवणारे लोक किती आवृत्त्यांवर आहेत ते मोजा.

तिसरा मार्ग: सगळंच नव्याने

प्रत्येक रिलीजला टीममधला एक जण म्हणतोच, "एकदाचं सगळं नीट पहिल्यापासून लिहू." रिअ‍ॅक्टने (मेटा कंपनीत घडलेली, स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) हे केलं. हुक्स ही लिहायची नवी पद्धत धरून पूर्ण नवी डॉक्स लिहिली आणि मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. पण रिअ‍ॅक्ट १८ त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२२ मध्ये आलं होतं, आणि नवी डॉक्स त्याआधीपासून बीटा म्हणून खुली होती. जुनी साइटही वेगळ्या पत्त्यावर जपून ठेवली. एवढ्या मोठ्या कंपनीने नवं लिखाण रिलीजच्या तारखेला बांधलं नाही, तर आपण जूनच्या अपग्रेडला कशाला बांधायचं? लिहा, पण वेगळं काम म्हणून.

ग्राहकाचं मॅन्युअल

आतापर्यंतचं सगळं डेव्हलपरच्या डॉक्सबद्दल झालं. दिवाणजींच्या हातातलं मराठी मॅन्युअल हा निराळा मामला. त्यांना लाराव्हेल माहीत असायचं कारण नाही. तिथे कायम एकच प्रत, तारीख घालून. फ्रेमवर्कचा संबंध येतो तो स्क्रीन बदलते तेव्हाच. लाराव्हेल ८ ने, सप्टेंबर २०२० मध्ये, पानं उलटायच्या बटणांची मूळ सजावट टेलविंड या सजावटीच्या लायब्ररीवर नेली. ज्यांची स्क्रीन बूटस्ट्रॅपमध्ये (वरचं फोल्डर नव्हे, तशीच दुसरी लायब्ररी) होती त्यांच्याकडे अपग्रेडनंतर यादीखाली वीतभर मोठे बाण उमटले. ॲपसर्व्हिसप्रोव्हायडर या फाईलीत एक ओळ टाकून ते सरळ होतात. म्हणून मॅन्युअलचे स्क्रीनशॉट घ्यायच्या आधी प्रत्येक यादीचं शेवटचं पान उघडून बघा. आणि स्क्रीनशॉट कमी ठेवा. जिथे "डावीकडे 'नवी पट्टी' दाबा" असं लिहून भागतं तिथे चित्र नको.

जूनमध्ये बसाल तेव्हा

पद्धत कुठलीही घ्या, अपग्रेडचं एक वेगळं पान दोन्हीकडे लागतं. लाराव्हेलच्या अपग्रेड गाईडचा साचा उचलण्यासारखा आहे: प्रत्येक बदलापुढे परिणामाची शक्यता जास्त, मध्यम की कमी ते लिहिलेलं असतं. वर अंदाजे वेळही देतात. अकराव्याला पंधरा मिनिटं, बाराव्याला पाच. तो आकडा ग्राहकाला दाखवू नका. आपण भरलेली पॅकेजेस आणि तीन वर्षांपूर्वी कुणीतरी वेंडर (बाहेरून आणलेल्या कोडच्या) फोल्डरात शिरून केलेली दुरुस्ती त्यात धरलेली नसते.

काम करताना डॉक्सची ओळ कोडच्याच कमिटमध्ये घ्या. जँगोत बदलासोबत डॉक्स नसतील तर तो आत घेत नाहीत. आपल्याकडे एवढी शिस्त जमली नाही तरी मर्ज करणाऱ्याने (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणाऱ्याने) "पान कुठंय?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

राहिली भाषा. कमांड आणि फाईलींची नावं आहेत तशी, समजावणं मराठीत, ही सरमिसळ टीममध्ये छान चालते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या क्लायंटसाठी इंग्रजी प्रतही ठेवायची असेल तर आवृत्तीवार प्रतींचा विचार तिथेच सोडा. तीन आवृत्त्या आणि दोन भाषा म्हणजे सहा संच, आणि ते सांभाळायला बसणारा माणूस एकच, तोच सकाळी बाजार समितीत प्रिंटर जोडायलाही जाणार.