डेबकॉन्फ : जुनं, फुकट, कामाचं (५ पैकी ४ स्टार)

उबंटू-डेबियन या लिनक्सचे सर्व्हर स्क्रिप्टने उभे करणाऱ्यांसाठीच लिहितोय, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. डेबकॉन्फ म्हणजे पॅकेज टाकताना त्याचे सेटिंगचे प्रश्न विचारून उत्तरं साठवणारी यंत्रणा. आमच्या महापेच्या ऑफिसात संध्याकाळी स्क्रिप्ट सुरू करून घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडायची पद्धत, आणि सकाळी येऊन बघावं तर इन्स्टॉल पासवर्डच्या चौकटीवर रात्रभर ताटकळत बसलेलं.

ॲप्ट-गेटला (पॅकेज टाकायची कमांड) मायनस वाय लाव की झालं, असं सांगणारे खूप भेटतात. नाही होत ना पण! ते फक्त 'पुढे जाऊ का' ला हो म्हणतं, पॅकेजचे स्वतःचे प्रश्न डेबकॉन्फ विचारतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मग दुसरा सल्ला येतो, डेबियन-फ्रंटएंड हा व्हेरिएबल नॉनइंटरॅक्टिव्ह करा. त्याने प्रश्न गप्प होतात हे खरं, पण उत्तर डीफॉल्ट जातं. पीएचपी-मायॲडमिनमध्ये (डेटाबेस ब्राउझरमधून सांभाळायचं टूल) डेटाबेसचा पासवर्ड रिकामा सोडला की ते स्वतःच रँडम बनवतं, तो तुमच्या स्क्रिप्टला कुठून कळणार? शिवाय हा व्हेरिएबल आधी एक्सपोर्ट करून मग सुडो (रूट म्हणजे मुख्य ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारं) मारलं तर सुडो सहसा तो गाळून टाकतं, त्यामुळे सुडो या शब्दानंतर, कमांडच्या आधी, त्याच ओळीत लिहायचा.

खरी मजा डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्समध्ये आहे. इन्स्टॉलच्या आधी त्याला एकेक ओळ द्यायची: पॅकेजचं नाव, प्रश्नाचं नाव, टाइप, उत्तर. उबंटू १६.०४ वर मायएसक्यूएल हा डेटाबेस रूट पासवर्ड दोनदा मागायचा, म्हणून ओळीही दोन, दुसरीच्या नावात अगेन. १८.०४ पासून ती कटकटच गेली, मशीनचा रूट सॉकेटने, म्हणजे पासवर्ड न देता, थेट आत जातो. प्रश्नांची नावं मात्र पाठ करायच्या भानगडीत पडू नका, एका टेस्ट मशीनवर हाताने टाका, मग डेबकॉन्फ-युटिल्समधलं गेट-सिलेक्शन्स चालवा, सगळी यादी समोर येते.

एक स्टार कापला तो नावात एक अक्षर चुकलं तर इन्स्टॉलच्या वेळी काहीच ओरडत नाही म्हणून, नॉनइंटरॅक्टिव्ह असेल तर गुपचूप डीफॉल्ट वापरतं, मग बसा शोधत. आणि ती पासवर्डची ओळ स्क्रिप्टमध्येच लिहून गिटवर (कोड साठवायच्या, सगळ्या टीमला दिसणाऱ्या जागी) चढवणारे महाभाग आहेत, त्यांना काय बोलणार, फाइल वेगळी ठेवा, फक्त रूटला वाचता येईल अशी.

सुडोचा स्वतःचा पासवर्ड हे वेगळं दुखणं, ते डेबकॉन्फच्या हातात नाही. तिथे सुडो मायनस एन वापरा, पासवर्ड लागणार असेल तर लटकत न बसता लगेच एरर देऊन मोकळं होतं.