विंडोज टाकण्याआधी डिस्क तपासा: ‘२ टीबी’ एसएसडीची फसवणूक

ठाण्यात शिकवणी घेणाऱ्या एका बाईंच्या लॅपटॉपची १ टीबीची हार्ड डिस्क गेली. त्यांनी ऑनलाइन ‘२ टीबी सॅटा एसएसडी’ (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) मागवली, किंमत १,८९९ रुपये. डिस्क लॅपटॉपला व्यवस्थित दिसली, आकारही १.८१ टीबी दाखवला, आणि २ टीबीच्या डिस्कचा विंडोजमध्ये तेवढाच दिसायला हवा. विंडोज १० पहिल्या वेळी पूर्ण चढलं, पण रीस्टार्ट केल्यावर बूट होईना. पुन्हा टाकलं तर फाइल कॉपी होतानाच अडकलं. विक्रेता चॅटवर रोज एक नवा उपाय सांगत राहिला: पेन ड्राइव्ह बदला, आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) परत उतरवा, बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) एएचसीआय ही डिस्क जोडण्याची पद्धत करा, डिस्क जीपीटी करा, ‘मॅडम, लॅपटॉप जुना आहे, सपोर्ट करत नसेल’. परतीची मुदत सात दिवसांची होती. ती उलटली आणि उत्तरं बंद झाली.

दुरुस्तीच्या टेबलावर ही डिस्क तपासली तेव्हा आत जेमतेम ५८ जीबीची खरी जागा निघाली. बाकीची फक्त फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलेली.

या फसवणुकीची खरी मेख डिस्कपेक्षा त्या सात दिवसांत आहे. विक्रेत्याने सांगितलेलं प्रत्येक कारण कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपवर खरंच लागू पडतं, म्हणून माणूस विश्वास ठेवतो आणि मुदत निघून जाते. तेव्हा ही कारणं आधी झटपट निकालात काढायची. अर्धा तास पुरतो.

विंडोजचा इन्स्टॉलर ‘निवडलेली डिस्क जीपीटी आहे’ किंवा ‘एमबीआर आहे’ असं सांगून अडवत असेल तर डिस्कचा काही दोष नाही. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धती. पेन ड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीऐवजी लेगसी या जुन्या पद्धतीने, किंवा उलट, बूट झालेला असतो. बूट मेन्यूत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसतं, त्यातलं ‘यूईएफआय’ लिहिलेलं निवडा. मग इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा आणि ‘डिस्कपार्ट’, ‘लिस्ट डिस्क’, आकार बघून ‘सिलेक्ट डिस्क’ व तिचा क्रमांक, ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’ हे आदेश त्याच क्रमाने द्या. क्रमांक चुकला तर दुसरी डिस्क पुसली जाते, म्हणून जुनी डिस्क किंवा डेटा असलेलं काहीही त्या वेळी जोडलेलं ठेवू नका.

डिस्क यादीत मुळीच दिसत नसेल आणि लॅपटॉप इंटेलच्या ११व्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल, तर बहुतेक व्हीएमडीचा, म्हणजे इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या सोयीचा, प्रश्न असतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यायचा. हे मुख्यतः एनव्हीएमई (सॅटाहून नव्या जातीच्या) डिस्कबाबत होतं. जुन्या सॅटा लॅपटॉपवर कोणी हे कारण सांगत असेल तर ती टोलवाटोलवी समजा.

०एक्स८००७०२५डी हा कोड आला तर बहुधा पेन ड्राइव्हवरच्या फाइल नीट वाचता आलेल्या नसतात. पण रॅम खराब असली किंवा ज्या डिस्कवर लिहायचं तीच खोटी असली तरी हाच कोड येऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने दुसरा, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा, दुसऱ्या पोर्टला लावा आणि एकदाच पुन्हा करून बघा. तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर नीट चालत असेल तर पेन ड्राइव्हचा विषय संपला. त्यानंतर चौथ्यांदा, पाचव्यांदा विंडोज टाकत बसण्यात अर्थ नाही.

आता खोट्या डिस्कच्या पोटात काय चालतं ते. आत लहानशी मेमरी चिप असते, पण कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये आकार २ टीबी असा ठोकून दिलेला असतो. लॅपटॉप तेवढाच आकार विचारतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. खऱ्या जागेपलीकडे काही लिहायला सांगितलं की डिस्क दोनपैकी एक करते. एक तर ते मुकाट्याने टाकून देते आणि ‘लिहिलं’ म्हणून कळवते, नाहीतर फिरून पुन्हा सुरुवातीच्या जागेवर, आधीच्या डेटावर लिहिते.

विंडोजला स्वतःला सुरुवातीला वीस-पंचवीस जीबी लागतात, म्हणून ते ५८ जीबीत सहज मावतं आणि पुष्कळदा तक्रार न करता चढतं. पण जीपीटीची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरवर लिहिली जाते, आणि विंडोज १०च्या २००४ आवृत्तीपासून रिकव्हरी पार्टिशनही विंडोजच्या पार्टिशनमागे, म्हणजे डिस्कच्या टोकाला जातं. डिस्क फिरून लिहिणारी असेल तर हे सगळं पुढच्या भागात कुठेतरी आदळतं. ते बूट पार्टिशनवर पडलं तर लॅपटॉप उठत नाही. विंडोजच्या एखाद्या फाइलवर पडलं तर निळा स्क्रीन येतो. रिकाम्या जागेत पडलं तर काहीच कळत नाही, आणि खरी जागा भरेपर्यंत, कधी कधी तीन-चार महिन्यांनी, फोटो उघडायचे बंद होतात. म्हणजे विंडोज चढलं यावरून डिस्क खरी ठरत नाही.

काही दुरुस्तीवाले हे ओळखून ‘सी’ ड्राइव्ह ४०-५० जीबीचा करून देतात आणि उरलेला सगळा ‘डी’. लॅपटॉप झकास चालतो. ‘डी’वर ठेवलेलं मात्र परत मिळत नाही. दुरुस्तीहून आलेल्या लॅपटॉपचा ‘सी’ विनाकारण एवढा चिमुकला दिसला तर कारण विचाराच.

फॉरमॅट करून हे पकडता येईल असं अनेकांना वाटतं, पण येत नाही. क्विक फॉरमॅट डिस्क तपासतच नाही. फुल फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहून वाचून बघतं, आणि खोट्या डिस्कवर कुठल्याही पत्त्यावर वाचलं तरी शून्यच मिळतं, त्यामुळे तीही पास होते. विंडोजच्या ‘चेकडिस्क’ तपासणीचं तेच, कारण डिस्क वाचताना एरर देत नाही. प्रत्येक जागी वेगळा डेटा लिहून मग तो परत वाचणारी चाचणीच उपयोगाची.

त्यासाठी साधारण चार-पाचशे रुपयांचा यूएसबी-सॅटा अडॅप्टर घ्या, डिस्क लॅपटॉपमध्ये बसवण्याआधी त्याला लावा आणि दुसऱ्या विंडोज यंत्राला जोडा. पहिल्यांदा स्टीव्ह गिब्सन यांचा ‘व्हॅलिड्राइव्ह’ चालवा. तो फुकट आहे, यूएसबीवरच्या डिस्कच्या ५७६ ठिकाणी लिहून-वाचून बघतो, आणि काही मिनिटांत चौकटींचा नकाशा दाखवतो. खोट्या डिस्कवर सुरुवातीच्या मोजक्याच चौकटी हिरव्या होतात आणि पुढे सगळं लाल. मग पक्का पुरावा हवा असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’. तो रिकामी डिस्क १ जीबीच्या फाइलींनी पूर्ण भरतो आणि वाचून किती डेटा गेला ते लिहून देतो. लिनक्सवाल्यांना ‘एफथ्री’ आहे, त्यातला ‘ओव्हररिटन’चा आकडा डिस्क फिरून लिहिते का तेही सांगतो.

वेळ धरून चला. १ टीबीची हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीने लिहायला पावणेतीन तास घेते आणि वाचायला तेवढेच. खऱ्या पण स्वस्त एसएसडीचा वेगही कॅशे (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरल्यावर चांगलाच उतरतो, म्हणून वेग पडला एवढ्यावरून डिस्क खोटी म्हणू नका. उलट, डिस्कच्या टोकाला छोटंसं पार्टिशन करून तेवढंच तपासण्याचा जो शॉर्टकट काही जण सांगतात तो चुकीचा आहे. फिरून लिहिणारी डिस्क त्यात बिनदिक्कत पास होते.

डिस्कची माहिती दाखवणारा ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ तर बसल्या बसल्या उघडा. मॉडेलच्या जागी कंपनीच्या क्रमांकाऐवजी नुसतं ‘सॅटा एसएसडी’, सिरीयल नंबरमध्ये शून्यांची माळ, स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे) आकडे रिकामे किंवा वापरूनही न हलणारे, असं दिसलं की सावध व्हा. आणखी एक बारीक खूण: १ टीबीच्या डिस्कचा ठरलेला आकार १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट, म्हणजे ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतो. भलताच आकडा दिसला तर शंका घ्या. मात्र आकडा जुळला म्हणजे डिस्क खरी, असं नाही.

डिस्क उघडून बघण्याचा मोह टाळा. अडीच इंची खऱ्या एसएसडीतही सर्किट बोर्ड पुष्कळदा खोक्याच्या निम्म्याहून लहान असतो, बाकी पोकळी. त्यावरून काही सिद्ध होत नाही आणि वॉरंटी मात्र जाते.

हार्ड डिस्कवाल्यांची फसवणूक जरा निराळी. तिथे जागा खरी असते, वय खोटं असतं. सर्व्हर किंवा सीसीटीव्हीतून काढलेल्या डिस्कचे स्मार्ट आकडे शून्यावर आणून, नवं लेबल चिकटवून ‘नवी’ म्हणून विकतात. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेटच्या अशा वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, आणि त्या पकडल्या गेल्या त्या ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदींमुळे. स्मार्टचे तास पुसले होते, पण फार्ममधले हजारो तास तसेच राहिले होते. सीगेटची डिस्क असेल तर डिस्कच्या नोंदी वाचणाऱ्या ‘स्मार्टमॉनटूल्स’च्या ७.४ किंवा नंतरच्या आवृत्तीत ‘स्मार्टसीटीएल’ या आदेशाला फार्म लॉग मागा आणि दोन्हीकडचे ‘पॉवर ऑन अवर्स’ ताडून बघा.

इतर कंपन्यांच्या डिस्कवर भिंग घेऊन बसावं लागतं. सॅटाच्या सोनेरी पट्ट्यांवर उभ्या रेघा आणि स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणा म्हणजे डिस्क आधी कुठेतरी बसलेली होती. लेबलवरचा सिरीयल नंबर आणि क्रिस्टलडिस्कइन्फोतला सिरीयल नंबर वेगळे असतील तर विषयच मिटला. तो नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. ‘जिथून घेतली तिथे विचारा’ असं उत्तर आलं तर ती ओईएमची, म्हणजे संगणक कंपनीला दिलेली डिस्क आहे, आणि सुट्या ग्राहकाला कंपनीची वॉरंटी नाही. ‘रिअ‍ॅलोकेटेड’ (०५), ‘करंट पेंडिंग’ (सी५) आणि ‘अनकरेक्टेबल’ (सी६) हे स्मार्टमधले खराब सेक्टरचे तिन्ही आकडे नव्या डिस्कवर शून्य हवेत. सी७ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी केबल किंवा लॅपटॉपमधली फ्लेक्स पट्टी बदला, तो दोष बहुधा डिस्कचा नसतो.

दुकानातून घेताना सिरीयल नंबर छापलेलं जीएसटीचं पक्कं बिल मागा. लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, नंबर बिलावर आला की डिस्क बदलल्याचा वाद उरत नाही. ‘एक वर्ष दुकानाची वॉरंटी’ असं कच्च्या कागदावर लिहून देत असतील तर कंपनीची वॉरंटी का नाही, हा प्रश्न तिथेच विचारा. ऑनलाइन मागवली असेल तर पाकिटावरचा पत्ता दिसेल असा, न थांबवता पॅकेट उघडण्याचा व्हिडिओ काढा आणि त्यात सिरीयल नंबरपर्यंत कॅमेरा न्या.

परतीची मुदत चालू असताना चॅटवर उपाय मागू नका, थेट परतीची विनंती टाका आणि चाचणीचा स्क्रीनशॉट जोडा. रिप्लेसमेंट घेऊ नका, त्याच गठ्ठ्यातली दुसरी येते. ‘फक्त रिप्लेसमेंट, रिफंड नाही’ असं सांगितलं तरी बधू नका: ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणं आणि पैसे देणं नाकारता येत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. त्याला ईमेल करा, नुसत्या चॅटवर भागवू नका. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. सोशल मीडियावरच्या जाहिरातीतून यूपीआयने पैसे दिले आणि विक्रेता गायब झाला असेल तर तो सायबर गुन्हा आहे, त्याच दिवशी १९३० ला फोन करा.

पैसे परत मिळाले तरी डिस्क हातात राहिली असेल, तर ‘५८ जीबीचं पार्टिशन करून वापरू’ हा विचार सोडा. अशा डिस्कमध्ये चिपही बहुधा नापास झालेल्या मालातली घालतात, आणि तेवढी जागाही किती दिवस टिकेल याची खात्री देता येत नाही. पत्ते, आधारच्या प्रती, विद्यार्थ्यांच्या याद्या असं काही तिच्यावर लिहिलं गेलं असेल तर ती तशीच भंगारात किंवा जुन्या मालाच्या साइटवर देऊ नका. आधी स्क्रू काढून चिप पक्कडीने फोडा आणि मगच ई-कचऱ्यात टाका. तक्रार चालू असेपर्यंत मात्र तिला हात लावू नका, आयोगापुढे तोच पुरावा आहे.