अधिवेशन कुठे भरवावं : अटलांटा की न्यू ऑर्लिन्स?

ने-आणीत अटलांटा सरस. विमानतळातूनच मार्टाची मेट्रो निघते. फाइव्ह पॉइंट्स स्थानकात गाडी बदलली की जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटर हे अधिवेशन केंद्र गाठता येतं. न्यू ऑर्लिन्सचा विमानतळ केनरला आहे, मेट्रो नाही. बस-टॅक्सीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

कृष्णवर्णीयांचा वारसा मात्र न्यू ऑर्लिन्समध्ये थेट कार्यक्रमातच उतरतो. तिथल्या अधिवेशन केंद्राला शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर अर्नेस्ट मोरियल यांचं नाव आहे. उद्घाटनाला ब्रास बँडमागे छत्र्या नाचवत ‘सेकंड लाइन’ ही मिरवणूक काढता येते. रस्त्यावर उतरायचं तर परवाना आणि पोलीस बंदोबस्त हवा. बँड ठरला नि परवाना राहिला, की मिरवणूक लॉबीतच फिरते! ट्रेमे ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आणि गुलाम जिथे गाण्या-नाचायला जमत तो काँगो स्क्वेअर, यांची फेरी सकाळीच उरका, उन्हाळ्यात दुपारी घामाच्या धारा लागतात. अटलांटात स्वीट ऑबर्न ही कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक वस्ती आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं एबनेझर चर्च, यांच्याकडे स्ट्रीटकार (ट्राम) जाते, अर्धा दिवस पुरतो.

तारखा बघून घ्या. न्यू ऑर्लिन्सला ४ जुलैच्या सुमारास इसेन्स हा कृष्णवर्णीय संगीत-संस्कृतीचा महोत्सव असतो, खोल्या महागतात. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम, म्हणून वादळामुळे रद्द झाल्यास अनामत परत मिळेल असं कलम करारात घालून घ्या. अटलांटात लेबर डेचा (सप्टेंबरचा पहिला सोमवार) शनिवार-रविवार ड्रॅगन कॉन या विज्ञानकथा-फँटसी चाहत्यांच्या मेळाव्याच्या गर्दीचा, तो टाळा.