बारावीचं गणित येतं म्हणून गाफील राहू नका

मला नर्सिंगकडे वळायचंय, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या आमच्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्वस्तातलं, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं सरकारी कॉलेज) आधी लागणारे विषय करतेय. मी मूळची बी.कॉम., इथे आले एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर. ओळखीच्या बायका सारख्या विचारतात, ‘तिथलं गणित झेपेल का गं?’ म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कॉलेजचं नाव मुद्दामच देत नाही, कारण काही तक्रारीही आहेत.

आधी पैशाचं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटमागे (युनिट म्हणजे विषय किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर. मी घेतलेलं गणित म्हणजे स्टॅटिस्टिक्स, संख्याशास्त्र. ते चार युनिटचं, म्हणजे १८४ डॉलर. वर हेल्थ फी, पार्किंग वगैरे किरकोळ. राज्यात राहून वर्ष पूर्ण झालं नसेल तर नॉन-रेसिडेंटचा दर लागतो आणि तो कितीतरी पट आहे, तेव्हा घाई करू नका. एच-फोरवरही रेसिडेंट ठरता येतं, फक्त भाडेकरार, टॅक्सचे कागद, लायसन्स असं सगळं जुळवून ठेवा. पहिल्या खिडकीवर ‘व्हिसावाल्यांना नाही’ असं ठोकून देतात, तिथून हलायचं नाही.

पूर्वी इथे प्लेसमेंट टेस्ट घ्यायचे आणि त्यात कमी पडलात की शाळेतल्या अल्जिब्रापासून सुरुवात. दोन-तीन सेमिस्टर त्यातच जायची आणि त्यातलं एक युनिटही पुढे युनिव्हर्सिटीत धरलं जायचं नाही. २०१७ मध्ये एबी ७०५ कायदा झाला आणि ते बंद होत गेलं. आता थेट स्टॅटिस्टिक्सला बसता येतं, हवा असेल तर जोडीला सपोर्टचा तास घेता येतो. २०२५ च्या फॉलपासून या कोर्सला राज्यभर एकच नंबर आहे, स्टॅट सी१०००, त्यामुळे घर बदललं तरी दुसऱ्या कॉलेजात नव्याने समजावत बसावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. आकडेमोड म्हणाल तर आपल्याकडच्या बारावी कॉमर्सपेक्षा जड नाही. मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन सगळं ओळखीचं, आणि हातात कॅल्क्युलेटर. पहिले काही आठवडे आपल्यासारखे लोक पाय पसरून बसतात. घोडं पेंड खातं ते उत्तराखाली वाक्य लिहिताना. रक्तदाबाच्या सरासरीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (थोड्या लोकांच्या सॅम्पलवरून सगळ्यांच्या सरासरीसाठी काढलेला अंदाजाचा पट्टा) ११८ ते १२४ आला, इथवर सगळ्यांचं बरोबर. त्याचा अर्थ काय, तर जवळजवळ अख्ख्या वर्गाने लिहिलं, ‘खरी सरासरी या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के.’ सगळ्यांचे मार्क कापले.

पुढच्या तासाला आमच्या प्रोफेसरबाईंनी आकड्यांची एक मोठी यादी वाटली. (इथे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असते. माझ्या तोंडून शेवटपर्यंत ‘मॅडम’च निघालं.) प्रत्येकाने यादीतून स्वतःचं सॅम्पल काढायचं, स्वतःचा इंटरव्हल काढायचा आणि फळ्यावर त्याची आडवी रेघ मारायची. फळा रेघांनी भरल्यावर बाईंनी खऱ्या सरासरीची उभी लाल रेघ ओढली. बहुतेक आडव्या रेघा तिला ओलांडून गेल्या, दोन अलीकडेच थांबल्या. ते ९५ टक्के या पद्धतीचे आहेत, तुमच्या हातातल्या एका रेघेचे नाहीत, हे तिथे दिसलं. इतक्या पेपरांत हेच गणित सोडवून मला जे कधी कळलं नव्हतं ते त्या फळ्यावर कळलं. या एका तासासाठी फी वसूल.

होमवर्कचं सॉफ्टवेअर मात्र डोक्याला ताप. त्याचा ॲक्सेस कोड वेगळा विकत घ्यावा लागला, फीच्या निम्म्याहून जास्त पैसे त्यात गेले. वर ते इतकं अडेल! सरासरी ६८, स्टँडर्ड डेव्हिएशन ३, तर ७० पेक्षा कमी असण्याची शक्यता किती? झेड (सरासरीपासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन दूर) ०.६७ धरून टेबलात बघितलं तर ०.७४८६. कॅल्क्युलेटरवर थेट काढलं तर ०.७४७५. वर्गात बाई दोन्ही बरोबर धरतात, सॉफ्टवेअर एकालाच बरोबर म्हणतं आणि कुठल्या ते आधी सांगत नाही. रात्री पोरं झोपल्यावर चौथ्या दशांशाशी भांडत बसणं हे शिक्षण आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. हे टाळता येतं. क्लासच्या वेळापत्रकात ज्या क्लासला पुस्तकाचा खर्च शून्य आहे त्याच्यापुढे तशी खूण असते, कायद्यानेच द्यावी लागते. ती बघून सेक्शन निवडा.

ट्यूटरिंग सेंटर फुकट आहे आणि उत्तम आहे. काउन्सेलरबद्दल तसं म्हणवत नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी नवा सल्ला. आपल्या डिग्रीचं मूल्यांकन बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यायचं असतं, त्यातलं काय धरणार हे मला तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं. जे सांगतील ते ईमेलवर लिहून घ्या.

बाकी जनरल एज्युकेशन, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे सक्तीचे विषय. सायकॉलॉजी ठीक, पाठ केलं की निभावतं. एथनिक स्टडीजला (अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशांच्या लोकांचा इतिहास) मी नाक मुरडूनच बसले होते, पण १८८२ च्या चिनी मजुरांवरच्या बंदीपासून १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यापर्यंत वाचत गेले आणि व्हिसाच्या रांगेबद्दल माझी जी समजूत होती ती बरीच हलली. भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल! आपल्या पोरांनी तरी हे वाचलंच पाहिजे.

पब्लिक स्पीकिंग ऑनलाइन घेतलं ते सोयीचं म्हणून. सोय कसली! प्रत्येक भाषणाला समोर ठरावीक संख्येने मोठी माणसं बसलेली व्हिडिओत दिसली पाहिजेत, अशी अट. मग काय, शेजारच्या काकू, त्यांच्याकडे आलेले पाहुणे, नवऱ्याचे दोन मित्र, सगळ्यांना चहावर बोलावून ऑर्गन डोनेशनवर ऐकवलं. एक काका मध्येच ‘वा!’ म्हणाले, तेही रेकॉर्ड झालं. त्यापेक्षा वर्गात जाऊन बोललेलं परवडलं.

स्टॅटिस्टिक्स समोरासमोरच घ्या, ऑनलाइन नको, आणि सोबत नोकरी असेल तर त्या सेमिस्टरला दुसरा जड विषय घेऊ नका. चांगल्या प्रोफेसरांचे सेक्शन पहिल्याच दिवशी भरतात. वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या तासाला वर्गात जाऊन बसा. न आलेल्यांची नावं तिथल्या तिथे काढतात आणि जागा होते.