चार एलईडी पार आणि १९२ चॅनेलचा कंट्रोलर: छोट्या हायस्कूलच्या नाटकाला कितपत पुरतो?

खेड्यातल्या छोट्या हायस्कूलचं नाटक बहुधा बाकं बाजूला सारलेल्या मोठ्या वर्गात होतं, आणि प्रयोग संपला की तीच खोली पुन्हा वर्ग होते. त्यामुळे दिवे तासाभरात लागणारे-उतरणारे, भिंतीतल्या साध्या सॉकेटवर चालणारे आणि मुलांच्या हाती देता येतील असे हवेत. चार आरजीबीडब्ल्यू पार (लाल, हिरवे, निळे आणि पांढरे एलईडी असलेले डब्यासारखे झोतदिवे), दोन टी-बार स्टँड (वर दिवे टांगायला आडवी दांडी असलेले) आणि १९२ चॅनेलचा, म्हणजे १९२ वेगवेगळ्या आज्ञा पाठवू शकणारा, डीएमएक्स कंट्रोलर (केबलमधून दिव्यांना आज्ञा देणारी पेटी) हा सर्रास मिळणारा संच या कसोट्यांवर उतरतो. मात्र तो खोक्यातून काढला तसाच लावला तर रंग झगमगतात आणि मुलांचे चेहरे अंधारात राहतात.

विजेची काळजी जवळपास नाही. जुना पार-६४ दिवा एकटाच १००० वॅट खायचा. इथे डब्यावर ५४ एलईडी गुणिले ३ वॅट असं छापलेलं असतं. तो आकडा खरा धरला तरी चार दिवे मिळून ६४८ वॅट होतात. प्रत्यक्षात ओढ त्याहून कमी असते, खरा आकडा दिव्यामागच्या पट्टीवर वाचावा.

घेताना आरजीबीडब्ल्यूच घ्या, नुसता आरजीबी नको. लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात त्वचा आजारी दिसते आणि सावलीच्या कडांना तीन रंगांच्या झालरी येतात. स्वतंत्र पांढरे एलईडी असले की हा त्रास बराच कमी होतो. हे पांढरे बहुतेक संचांत थंड, निळसर असतात. म्हणून ० ते २५५ या मापावर पांढरा पूर्ण २५५, लाल १०० च्या आसपास आणि हिरवा २०-३० अशी सुरुवात करून समोर एखाद्या विद्यार्थ्याला उभं करून डोळ्याने जुळवावं. दिव्यापुढे फ्रॉस्ट फिल्टर (प्रकाश पसरवणारा दुधी कागद) लावला तर उरलेल्या झालरीही विरतात. फक्त मागची पंख्याची जाळी मोकळी ठेवा.

संचासोबतच्या चित्रात दोन दिवे पुढे आणि दोन मागे दाखवलेले असतात. शाळेच्या नाटकासाठी ही मांडणी आम्हाला पटत नाही. चारही दिवे पुढेच लावा. अभिनेत्याच्या दोन्ही बाजूंनी, वरून सुमारे ४५ अंशांत प्रकाश टाकायची पद्धत स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडली आणि चेहरा दिसण्यासाठी ती आजही सगळ्यात भरवशाची आहे. एक स्टँड डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक स्टँडवरचा एक दिवा रंगमंचाच्या जवळच्या अर्ध्या भागावर, दुसरा पलीकडच्या अर्ध्यावर. म्हणजे दोन्ही भागांना दोन्हीकडून प्रकाश मिळतो. मागच्या भिंतीवरचा रंग गमवावा लागतो, आणि तो खुशाल गमवावा.

दिव्याच्या झोताचा कोन खरेदीआधीच विचारून घ्या. ५ मीटरवरून २५ अंशांच्या दिव्याचं वर्तुळ जेमतेम २.२ मीटरचं पडतं, ४० अंशांचं ३.६ मीटरचं. पहिल्याने दोन भागांच्या मधे काळा पट्टा राहतो आणि नेमकं मुख्य पात्र तिथे येऊन उभं राहतं. ४० अंशांच्या चार दिव्यांत सहा मीटर रुंदीचा रंगमंच भागतो.

संचाची खरी कमतरता स्टँडची उंची ही आहे. स्टँड ३ मीटर, चेहरा दीड मीटरवर आणि अंतर ५ मीटर धरलं तर वरून येणाऱ्या प्रकाशाचा कोन ४५ ऐवजी १७ अंशच होतो. मग सावल्या मागच्या भिंतीवर चढतात आणि चष्म्याच्या काचा चमकतात. स्टँड पूर्ण उंच करा, शक्य तितके बाजूला न्या आणि पात्रांना भिंतीपासून निदान दीड मीटर पुढे खेळवा. उंच केलेला स्टँड वर जड झालेला असतो, तेव्हा पाय पूर्ण फाकवून त्यावर वाळूच्या पिशव्या टाका, प्रत्येक दिव्याला सेफ्टी केबल (दिवा निसटला तरी खाली पडू न देणारी तार) लावा, आणि स्टँड वर चढवायचं काम मुलांवर सोपवू नका.

आता पत्ते, म्हणजे प्रत्येक दिवा ज्या चॅनेलपासून आज्ञा ऐकतो त्याचा क्रमांक. हा कंट्रोलर १२ दिव्यांना प्रत्येकी १६ चॅनेल देतो, म्हणून पत्ते १, १७, ३३ असे वाढतात. डाव्या भागावर पडणाऱ्या दोन्ही दिव्यांना ००१ आणि उजव्या भागावरच्या दोघांना ०१७ द्या. मग कंट्रोलरवरचं पहिलं स्कॅनर बटण (दिवा निवडायचं) म्हणजे डावा भाग, दुसरं म्हणजे उजवा. नाटक शाळेचं असलं की एक प्रवेश वर्गात, पुढचा घरात, पुन्हा वर्गात असं चालतंच. डावीकडे चार बाकं, उजवीकडे घराचं टेबल कायम मांडून ठेवलं तर नेपथ्य हलवावं लागत नाही, प्रकाश हलतो. अंधारात बाकं सरकवतानाचा खडखडाट आणि धडपड दोन्ही वाचतं. एवढ्या एका सोयीसाठीही हा संच घ्यावा असं आमचं मत आहे.

आठ चॅनेलच्या मोडमध्ये बहुतेक दिव्यांचा पहिला फेडर (वर-खाली सरकणारी कळ) डिमरचा, म्हणजे एकूण प्रकाश कमी-जास्त करणारा, मग लाल, हिरवा, निळा, पांढरा, आणि सहावा स्ट्रोबचा, म्हणजे भराभर लखलखाट करणारा. क्रम दिव्यागणिक बदलतो, माहितीपत्रकाशी ताडून घ्या. पहिला फेडर शून्यावर असेल तर बाकीचे कितीही ढकला, दिवा लागत नाही. स्ट्रोबच्या फेडरवर कागदी चिकटपट्टी लावून तो शून्यावरच बांधून टाका. लखलखाटाने अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि प्रेक्षकांत कोणाला तो त्रास आहे हे आधी कळत नाही.

सीन, म्हणजे जुळवून ठेवलेली प्रकाशयोजना, साठवायला ‘प्रोग्राम’ तीन सेकंद दाबून धरा, स्कॅनर निवडा, फेडर लावा, मग ‘मिडी/रेक’ आणि लगेच सीनचं बटण. कंट्रोलरवरचे सगळे बारीक दिवे लुकलुकले की सीन साठला. ३० बँकांत प्रत्येकी ८, असे २४० सीन मावतात. शाळेच्या नाटकाला एक बँक पुरते. फेडरचे आकडे वहीत उतरवून ठेवा, म्हणजे कोणी सीन पुसला तरी पुन्हा भरता येतो.

सुरू करताच हा कंट्रोलर ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे बंद ठेवलेल्या स्थितीत, असतो. प्रयोग चालू असताना वीज जाऊन आली तरी तेच होतं, आणि चालवणारा विद्यार्थी केबल तपासत बसतो. ब्लॅकआउटचं बटण एकदा दाबलं की काम होतं. ही सूचना ठळक अक्षरांत कंट्रोलरवरच चिकटवा.

मंद होत जाणारा प्रकाश हा या दिव्यांचा दुबळा भाग. डिमरला २५६ पायऱ्या असतात, पण शेवटच्या दहाएक पायऱ्यांत प्रकाश अडखळत उतरतो. तिथे पोचलात की ब्लॅकआउट दाबा, अडखळणं दिसत नाही. मोबाइलच्या चित्रीकरणात आडवे पट्टे येतात तेही डिमरमुळेच. कॅमेऱ्याचा शटर १/५० वर ठेवला की ते बरेच कमी होतात.

सोबतच्या डीएमएक्स केबल आखूड असतात. कंट्रोलर प्रेक्षकांच्या मागे हवा, चालवणाऱ्याला रंगमंच दिसलाच पाहिजे, त्यासाठी १५ ते २० मीटरची वेगळी केबल लागते. माइकची केबल बसते, कमी अंतरावर चालूनही जाते, पण तिचा इम्पीडन्स (संकेताला होणारा अडथळा) डीएमएक्सला जुळत नाही. एकापुढे एक जोडलेल्या दिव्यांच्या साखळीतला शेवटचा दिवा मधेच फडफडू लागला तर त्याच्या ‘आउट’मध्ये टर्मिनेटर लावा, एक्सएलआर (माइकच्या केबलसारख्या तीन पिनांच्या) जोडणीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनमध्ये १२० ओहमचा रोधक, एवढाच तो असतो.

तालमी मधल्या सुट्टीत, भर उजेडात होतात. तेव्हा प्रकाशाचा अंदाज येत नाही. खिडक्या झाकून निदान दोन पूर्ण तालमी दिव्यांसकट करा. चालवणाऱ्याच्या कागदावर तीनच रकाने पुरतात: कोणत्या वाक्यावर, कोणता सीन, झटकन की हळू. वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द लिहा, कारण मुलं मधले शब्द बदलतात. शेजारी दुसऱ्या वर्गातली एक मुलगी किंवा मुलगा पूर्ण वेळ शिकत बसलेला असू द्या. दहावीची तुकडी बाहेर पडली की कंट्रोलर येणारं कोणीतरी शाळेत उरलं पाहिजे.

पंख्यांचा आवाज पुढच्या रांगेला हळव्या प्रवेशात जाणवतो, म्हणून दुकानात दिवा दहा मिनिटं पूर्ण प्रकाशावर ठेवून ऐकून घ्या. सोबत एक जादा अडॅप्टर आणि दिव्यांचे फ्यूज घ्यायला विसरू नका, सगळ्यात आधी तेच जातात.