व्हिनिलचं सहा फुटी कुंपण: पॅनेल चोख, गेट बेतास बात

न्यू जर्सीत मागच्या अंगणाला स्वतः कुंपण घालायचं ठरलं की नजर जाते ती होम सेंटरमधल्या पांढऱ्या व्हिनिलच्या, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या, सहा फूट उंच आणि आठ फूट लांब किटकडे. निवड वाईट नाही. रंग द्यायला नको, वाळवीची भीती नाही, आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसत असल्यामुळे चांगली बाजू कोणाकडे ठेवायची यावरून शेजाऱ्याशी वाद नाही. पॅनेलला नावं ठेवायला फारशी जागा नाही. खरा खर्च आणि खरी मेहनत खांबांची, आणि खोक्यावरच्या हसऱ्या चित्रात ती कुठेच दिसत नाही.

खोक्यात वरची-खालची आडवी रेल, एकमेकींच्या खाचेत बसणाऱ्या उभ्या फळ्या, कडेचे यू-चॅनेल आणि स्क्रू एवढंच असतं. खांब, टोप्या, गेट, काँक्रीट सगळं वेगळं. दुकानातच खालच्या रेलच्या टोकातून आत डोकावून बघा. आत धातूची पट्टी हवी. ती नसली तर काही उन्हाळ्यांत रेल मधोमध पोट सोडते आणि फळ्या खाचेतून निसटतात. पाच बाय पाच इंची खांबाची जाडी ०.१३५ इंच, म्हणजे एका सुताहून जरा जास्त असावी. लेबलवर एएसटीएम एफ ९६४ हे मानक लिहिलेलं नसेल तर तो माल स्वस्त का आहे ते कळेलच.

हिशेब असा: मागची बाजू ८० फूट, दोन्ही कडा ४०-४० फूट. आठ फुटांनी २० पॅनेल आणि २१ खांब. त्यांतले २ टोकाचे, २ कोपऱ्याचे, १७ मधले. तिन्हींची रेल बसवायची भोकं वेगवेगळ्या बाजूंना असतात, म्हणून नुसते '२१ खांब' मागून चालत नाही. गेट आणि त्याचे खांब यात धरलेले नाहीत.

खणण्याआधी प्लॉटचा सर्व्हे आणि टाउनशिपची झोनिंग परवानगी हातात हवी. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर तिचीही. मग जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून देणाऱ्या ८११ ला फोन. ही सेवा फुकट आहे, पण कामाचे तीन दिवस आधी कळवावं लागतं. गॅसची खूण पिवळी, विजेची लाल, पाण्याची निळी. खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन फूट यंत्र लावायचं नाही, हातानेच खणायचं. स्प्रिंकलरचे पाइप किंवा बार्बेक्यू ग्रिलकडे नेलेली घरची गॅसलाइन ८११ वाले दाखवत नाहीत. ती आपली आपण शोधायची.

आता खड्डे. या भागात जमीन साधारण ३६ इंचांपर्यंत गोठते असं धरतात, म्हणून खड्डा तेवढा खोल आणि १० इंच रुंद, तळाशी सहा इंच खडी. खांब पावणेनऊ ते नऊ फुटी घ्यावा. ८० पौंडांच्या पिशवीतून ०.६ घनफूट काँक्रीट होतं, त्यामुळे दर खड्ड्याला दोन पिशव्या लागतात, एकूण ४२. भाड्याच्या ऑगरला, म्हणजे खड्डे पाडायच्या यंत्राला, १२ इंची पातं असलं तर दर खड्ड्याला तीन धरा, म्हणजे ६३. वजन दीड टनाच्या वर जातं, तेव्हा घरपोच मागवलेलं बरं. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता झाला तर गोठलेली माती काँक्रीटला गळ्याशी धरून वर उचलते आणि वसंतात कुंपण लाटेसारखं दिसतं. बाजू सरळ ठेवा, तळ थोडा फुगीर चालेल.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळे खांब एका दमात रोवून टाकणं. या किटची रेल खांबाच्या भोकात शिरते. अंतर अर्धा इंच चुकलं तरी पॅनेल बसत नाही किंवा रेल भोकातून बाहेर येते, आणि काँक्रीट घट्ट झालं की इलाज नाही. खांब, पॅनेल, मग पुढचा खांब, या क्रमानेच जायचं. वरून ताणलेल्या दोरीला उंची जुळवायची आणि खांबाच्या लागून असलेल्या दोन बाजूंना लेव्हल लावून ओळंबा बघायचा. खांब खाली बसवताना लाकडाचा ठोकळा ठेवून रबरी हातोडी वापरावी.

जानेवारी ते जुलै आठ फुटी रेल साधारण दोन सूत लांबते. म्हणून ती खांबात ठासून बसवायची नाही. थंडीत काम करत असाल तर जागा जास्त सोडा, उन्हाळ्यात कमी. रेलच्या टोकाला नॉचर नावाच्या पकडीने बारीक कान उठवले की ती बाहेर येत नाही. खालच्या रेलखाली दोन इंच मोकळे राहू द्या. उतारावर हे पॅनेल तिरकं होत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनीच न्यावं लागतं. कुत्रा असेल तर खालच्या त्रिकोणी फटींचा विचार आधीच करा.

गेटबद्दल मात्र नाराजी. बिजागरीचा पोकळ खांब गेटचं वजन पेलत नाही, काही महिन्यांत झुकतो आणि कडी लागेनाशी होते. त्या खांबात आतून आधार देणारा ॲल्युमिनियमचा इन्सर्ट घाला, नाहीतर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत अर्ध्या इंची सळ्या उभ्या करून आत काँक्रीट भरा. काँक्रीट पुरतं मुरेपर्यंत गेट टांगू नका. बिजागऱ्याही किटमधल्या न वापरता जड कामाच्या वेगळ्या घ्याव्यात. अंगणात स्विमिंग पूल असेल तर गेट आपोआप बंद होणारं आणि त्या पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं लागतं.

देखभाल थोडीच. उत्तरेच्या बाजूला हिरवट शेवाळ धरतं, ते तीन भाग व्हिनेगर आणि सात भाग पाण्याने निघतं. कडाक्याच्या थंडीत व्हिनिल ठिसूळ होतं, तेव्हा बर्फ ढकलताना फावडं लांब ठेवा. ग्रिल जवळ नको. उष्णता परतवणाऱ्या लो-ई काचेच्या खिडकीवरून परतलेल्या उन्हानेही फळ्या वाकड्या होऊ शकतात. टोप्यांना आतून पीव्हीसी गोंदाचा ठिपका लावा, नाहीतर वाऱ्याने शेजारच्या अंगणात जाऊन पडतात. आणि एक पॅनेल, एक खांब जास्तीचा घेऊन ठेवा: प्रत्येक कंपनीची भोकं आणि खाचा वेगळ्या असतात, दुसऱ्याची फळी यात बसत नाही.