पन्हाळ्यावरची गाईड-फेरी : काय दाखवतात, काय मागून घ्यावं लागतं

कोल्हापूरहून वाघबीळमार्गे वीसेक किलोमीटर चढून गाडी पन्हाळ्याच्या नाक्यावर आली की गाईड लगेच विचारायला येतात. सेवा साधी आहे. गाईड तुमच्याच गाडीत बसतो, पाच-सहा ठिकाणं दाखवतो आणि दीड-दोन तासांत परत नाक्यावर आणून सोडतो. बाजीप्रभूंचा पुतळा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधारबाव, तीन दरवाजा आणि वेळ उरला तर राजदिंडी (वेढ्यातून महाराज निसटले ती वाट), असा बहुतेकांचा क्रम असतो. भाव चढण्याआधीच ठरवा आणि त्यात कोणती ठिकाणं येतात ते नावं घेऊन विचारा. ‘सगळं दाखवतो’ या शब्दांत राजदिंडी असेलच असं नाही.

कथा सांगण्यात इथले गाईड पक्के आहेत. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा २ मार्च १६६० ला पडला आणि शिवाजी महाराज १२ जुलैच्या रात्री निसटले, हे चार महिने ते उभे करतात. शिवा काशीद आणि बाजीप्रभू ऐकताना मुलं मोबाईल खाली ठेवतात. अडचण पुढे येते. किल्ला चार महिने तगला तो कशाच्या जोरावर, हे दगडातच दिसतं, आणि फेरीत नेमकं त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

अंबरखान्यात हे लगेच कळतं. गंगा, यमुना, सरस्वती ही नावं आणि ‘गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं’ हा आकडा सांगितला की गाईड दाराकडे वळतो. एक खंडी म्हणजे वीस मण, पण मण प्रांतागणिक बदलायचा, त्यामुळे हा आकडा ऐकून सोडून द्यावा. बघायचं आहे ते छत. आतून सोळा खण, प्रत्येक खणावर बसका घुमट आणि घुमटाच्या माथ्याला भोक. इमारतीच्या दोन्ही अंगांना बाहेरून जिने का आहेत, त्याचं उत्तर या भोकांत आहे. नाचणी, वरी, भात वर चढवून तिथून आत ओतत. आत उभं राहून मान वर करायला पाच मिनिटं मागून घ्या. पूर्वेच्या दारावरचं विजापुरी धाटणीचं गिलाव्याचं कामही तेवढ्यात पाहून होतं.

अंधारबावीत तर बरेच गाईड वरच्या मजल्यावरूनच हात दाखवतात. खाली उतरल्याशिवाय ती वास्तू कळत नाही. मजले तीन. तळाला पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघायचा चोरदरवाजा, वर पहारेकऱ्यांना बसायला कोनाडे. वेढ्यात उघड्या विहिरीत विष कालवलं की गड गेला, म्हणून पाण्यावरच ही तटबंद इमारत बांधली. उरलेला गड पडला तरी मूठभर माणसं इथे पाणी, निवारा आणि पळवाट धरून राहू शकतील, अशी ही रचना. टॉर्च न्या, मोबाईलचा उजेड पुरत नाही. पायऱ्या उंच आहेत आणि पावसाळ्यात शेवाळतात. चप्पल घालून उतरू नका.

तीन दरवाजा हे आदिलशाही काम. एकामागे एक दारं आणि मधे चौक अशी बांधणी आहे. पहिलं दार फोडून आत आलेला शत्रू चौकात अडकतो आणि वरून मारा होतो. फारसी शिलालेख सगळे दाखवतात. आतल्या दाराच्या पट्टीवरचा छोटा गणपती मात्र विचारल्यावर दिसतो. इथे शनिवार-रविवारी फोटोवाल्यांची झुंबड असते, तेव्हा फेरी इथूनच सुरू करायला सांगा, अंबरखाना मागाहून. कणसं आणि झुणका-भाकरी शेवटी; आधी खाल्लं की कुणी पायऱ्या उतरत नाही.

फेरीतली मोठी उणीव म्हणजे इतिहास १६६० ला सुरू होऊन तिथेच संपतो. गड शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. महाराजांनी तो अफझलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला घेतला होता. पुढे हातचा गेलेला गड १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी परत आणला. कोंडाजीचं नाव घेणारा गाईड भेटला तर त्याला सोडू नका. पुढे पन्हाळा करवीरच्या (कोल्हापूरच्या) छत्रपतींच्या गादीची राजधानी होता; १७८२ मध्ये ती कोल्हापुरात हलली.

आणि तट पडके का, याचं उत्तर ‘काळाच्या ओघात’ असं मिळालं तर टोका. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या वंशपरंपरागत शिबंदीने, बंड केलं, साताऱ्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी) कर्नल ओव्हान्स याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं. १ डिसेंबरला इंग्रजांनी तोफांनी तट फोडून गड घेतला आणि मग मुद्दाम पाडापाडी केली. ‘चार दरवाजा’ नावाचं प्रवेशद्वार त्यातच गेलं. आज गाडी जिथून गडात शिरते ती जागा त्याच दरवाजाची, म्हणजे प्रत्येक पर्यटक सर्वांत मोठा पुरावा काच खाली न करता ओलांडतो.

रामचंद्रपंत अमात्यांची समाधीही याच गडावर आहे. गडावर आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा, हे आज्ञापत्रात (मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात) लिहिणारा माणूस अंधारबावीच्या गडावर विसावला आहे, आणि फेरीत त्याचं नाव नाही!

पावनगड कोणत्याच पॅकेजमध्ये नसतो. तो पूर्वेला, खिंडीपलीकडे, जेमतेम किलोमीटरभर. शेजारचा डोंगर शत्रूच्या हाती लागला तर पन्हाळा तोफेच्या माऱ्यात येतो, म्हणून महाराजांनी १६७३ नंतर तो बांधून काढला. पन्हाळ्यावर वस्ती, नगरपालिका, हॉटेलं. पावनगडावर झाडीत बुडालेला तट आणि तुपाची म्हणून दाखवतात ती विहीर. ओसाड गिरिदुर्ग बघायचा असेल तर हा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने गाईड घ्यावा, पैसे वाया जात नाहीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून सुट्टीच्या दिवशी घाई करणारे वाढलेत, म्हणून आठवड्यातला साधा दिवस आणि सकाळी नऊच्या आतली वेळ धरा. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात सज्जा कोठीवरून दरी दिसत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पावसाळ्यात घाटरस्ता सुरू आहे का, हे निघण्याआधी विचारा. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी गाईडशिवाय अर्धा दिवस अंधारबाव आणि अंबरखान्याला द्यावा, उरलेला पावनगडाला. तिकडे पाणी घेऊन जा, वर दुकान धरून चालू नका.